खिशातलं पातं : अडकित्ता, बोरूचा चाकू आणि घासून जाणारा पुरावा

पीएच.डी.चा विषय सांगितला की समोरच्याचा चेहरा कसा होतो, याची मला आता सवय झाली आहे. 'लोखंडी अवजारांचा इतिहास' इथपर्यंत ठीक असतं. लगेच विचारतात, "म्हणजे तलवारी वगैरे का?" नाही, अडकित्ते आणि चाकू, असं म्हटलं की विषय पावसापाण्यावर जातो. रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या मुलीने सुपारी कातरायच्या वस्तूमागे चार-पाच वर्षं घालवावीत हे आमच्या घरच्यांनाही पूर्ण पटलेलं नाही. पण पेटची तयारी करणाऱ्या, सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या मुलामुलींकडून मला जे मेल येतात त्यात एक प्रश्न हटकून असतो : ज्या वस्तूबद्दल कागदपत्रं जवळजवळ नाहीत, तिचा इतिहास लिहायचा कशावरून? हा लेख त्या प्रश्नासाठी आहे.

आधी क्षेत्राबद्दल. मी सातारा आणि सांगली असे दोन जिल्हे एकत्र घेतले, त्यावर आमच्या कमिटीतही प्रश्न आला होता. उत्तर सोपं आहे. सांगली जिल्हा १९४९ साली 'दक्षिण सातारा' या नावाने वेगळा झाला आणि १९६० साली त्याला आजचं नाव मिळालं. त्याआधी हा सगळा पट्टा म्हणजे इंग्रजांचा सातारा जिल्हा आणि त्याच्यामध्ये ठिगळांसारखी पसरलेली औंध, फलटण, जत, सांगली, मिरज ही संस्थानं. अभ्यासाचा काळ जुना असेल तर आजची जिल्ह्याची हद्द डोळे झाकून घेऊ नका, एवढं इथेच सांगून ठेवते.

आता मुद्द्यावर. जुलै २०२४मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आली आणि ती बघायला रांगा लागल्या. मीही बघितली. वाघनख म्हणजे मुठीत लपणारं पातं. खिशातल्या पात्याचं लढाऊ भावंडच म्हणा. पण संशोधनाच्या दृष्टीने त्या वस्तूइतकीच महत्त्वाची आहे तिची पेटी. ही वाघनखं जेम्स ग्रँट डफच्या घराण्याकडून म्युझियमकडे आली. डफ १८१८ ते १८२२ या काळात साताऱ्याला इंग्रजांचा प्रतिनिधी होता. शिवाजी महाराजांनी वापरली ती हीच, हा दावा पेटीवरच्या इंग्रजी मजकुरावर उभा आहे. त्या मजकुरात मारला गेलेला सरदार मोगलांचा असल्याचं म्हटलंय. अफजलखान होता विजापूरच्या आदिलशाहीचा. ही तीच वाघनखं आहेत याची खातरजमा करता आलेली नाही, असं खुद्द लंडनच्या म्युझियमनेच सांगितलेलं आहे.

यावरून वर्तमानपत्रांत आणि चॅनेलवर जे झालं ते तुम्हाला माहीत आहे, त्यात मी शिरत नाही. मला यातून एवढंच दाखवायचं आहे की पोलादाच्या तुकड्यावर मालकाचं नाव लिहिलेलं नसतं. प्रतापगडाची भेट झाली १६५९मध्ये आणि डफ साताऱ्याला आला १८१८मध्ये. मधल्या दीडशेहून जास्त वर्षांत वस्तू कुणाच्या हातात होती, ही साखळी एकदा तुटली की प्रयोगशाळा ती जोडून देत नाही. तुम्ही कितीही भारी यंत्र आणा, ते धातू काय आहे ते सांगेल. हात कुणाचा होता ते सांगणार नाही. एवढ्या मोठ्या प्रसंगाशी जोडलेल्या वस्तूची ही गत, तर कुणा शेतकऱ्याच्या चंचीतल्या अडकित्त्याची काय असेल!

'पॉकेट नाइफ' हा शब्द मराठीत आणायला गेलं की पहिली अडचण खिशाची येते. धोतर-बाराबंदीवाल्या माणसाला आजच्यासारखा खिसा कुठे होता? पैसे कनवटीला, पान-तंबाखू चंचीत किंवा बटव्यात, कागद खलित्यात. खिसा घराघरांत आला तो सदरा आणि कोट यांच्याबरोबर. 'खिसा' हा शब्द फारसीतून आलेला, 'चाकू'सुद्धा तुर्की-फारसी वाटेने आलेला. त्यामुळे 'आपल्याकडे पूर्वी खिशातले चाकू होते का' असा प्रश्न घेऊन संग्रहालयात गेलात तर हात हलवत परत याल. 'अंगावर बाळगायचं, दुमडलं की बोचत नाही असं पातं कुठलं' असं विचारलं की मात्र उत्तर समोर येतं : अडकित्ता. प्रश्न कसा विचारायचा यावर आमच्या गाईड मॅडम इतका जोर का देतात ते मला इथे कळलं.

अडकित्त्यातला 'अडक' कन्नड. कन्नडमध्ये सुपारीला अडके किंवा अडिके म्हणतात आणि इंग्रजीतला 'अरेका' हा शब्दही याच द्राविडी कुळातला, मलयाळमवरून गेलेला. जत तालुक्यात आजही कन्नड बोलणारी गावं आहेत, तेव्हा हा शब्द आपल्याकडे कसा आला यासाठी फार लांब जायला नको. शिवाय सातारा-सांगलीच्या कोरड्या पठारावर सुपारी पिकत नाही. ती यायची कोकणातून, श्रीवर्धनचा रोठा तर प्रसिद्धच आहे, नाहीतर दक्षिणेकडून शिरसीच्या बाजूने. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कराडला येणाऱ्या मालाच्या वाटेवर तिचीही जागा असणार. म्हणजे माण-खटावच्या दुष्काळी भागातल्या माणसाच्या कमरेला जे पातं होतं, ते त्याच्या रानात न पिकणाऱ्या फळासाठी होतं. आहे की नाही गंमत!

मोल्सवर्थच्या कोशात अडकित्ता आहे. बोलीत तर तो पक्का बसलेला आहे. दोन्हीकडून कोंडी झाली की माणूस अडकित्त्यात सापडतो. लग्न ठरलं की सुपारी फुटते. (दुसऱ्या अर्थाने 'सुपारी' द्यायची भाषा मुंबईच्या गुन्हेगारी जगाने सगळ्या देशाला शिकवली, पण तो माझा विषय नाही.) लग्नाचा करार ज्या कृतीने पक्का होतो तिच्यात हे पातं हजर असतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तलवारीवर पोवाडे झाले. अडकित्ता हळदीकुंकवाच्या तबकाशेजारी नुसता पडून राहिला आणि म्हणूनच त्याच्याबद्दल कुणाला काही लिहावंसं वाटलं नाही. रोजच्या वस्तूंचं हे असंच असतं. सातारा जिल्ह्याचं गॅझेटियर १८८५ साली निघालं, मुंबई गॅझेटियरचा १९वा खंड. तो जरूर चाळा. पण ते कारभारासाठी लिहिलं होतं हे विसरू नका. पीक, सारा, बाजार, जाती, धंदे हे सगळं तिथे मिळेल. कमरेच्या चंचीत काय काय होतं, हा साहेबाच्या कामाचा प्रश्न नव्हता.

अडकित्त्याची रचना जरा बारकाईने बघा, कारण इतिहास तिथेच साठतो. दोन दांड्या एका टोकाला रिव्हिटने जोडलेल्या. वरच्या दांडीला पातं, खालची दांडी म्हणजे सुपारी ठेवायची बैठक. शाळेत शिकलेली दुसऱ्या प्रकारची तरफ : टेकू एका टोकाला, भार मध्ये, बल दुसऱ्या टोकाला. समजा हाताची पकड रिव्हिटपासून १४ सें.मी. वर आहे आणि सुपारी ३.५ सें.मी. वर. मग हाताचा जोर सुपारीवर चौपट होऊन पडतो. साहजिकच कडक सुपारी माणूस रिव्हिटकडे सरकवतो. वर्षानुवर्षं असं केलं की पातं तिथे जास्त झिजतं, धार लावताना तिथे खोलगट होतं आणि रिव्हिटचं भोक लांबट होतं. मिटल्यावर धार बैठकीवर टेकते, त्यामुळे चंचीचं कापड कापत नाही आणि बोटंही वाचतात. परदेशी घडीच्या चाकूत हेच काम मुठीतली खाच आणि पात्याच्या पाठीची स्प्रिंग करते. आपल्याकडे ते स्प्रिंगशिवाय, नुसत्या दोन दांड्यांनी केलं.

आता माझ्यातली रसायनवाली बोलते. सुपारीत टॅनिन भरपूर असतं. टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की निळसर काळं संयुग तयार होतं. हिरडा आणि हिराकस घालून काळी शाई करायचे, ती हीच अभिक्रिया. महाबळेश्वर-पाटणच्या जंगलातला हिरडा तुम्ही पाहिला असेल. त्यामुळे वापरातल्या अडकित्त्याचं पातं काळं पडतं आणि तो काळा थर ही घाण नसते, वापराची नोंद असते. सांध्यात चुन्याचे पांढरे कण सापडतात. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने चुन्याचं कॅल्शियम कार्बोनेट झालेलं असतं. कुठे काताचा तांबूस डाग असतो. चुना आणि कात दोन्ही दिसले, तर हा अडकित्ता नुसता घरच्या कपाटात नव्हता, पानाच्या चंचीत किंवा डब्यात फिरत होता, असा अंदाज बांधता येतो. अंदाजच, बरं का. थिसिसमध्ये 'सिद्ध होते' लिहाल तर परीक्षक धरतील.

आणि नेमकी हीच नोंद घासून टाकली जाते. खानापूर तालुक्यातल्या एका गावात एका आजोबांकडे पितळी दांड्यांचा, पोलादी पात्याचा अडकित्ता बघायला गेले होते. मी पट्टी आणि कॅमेरा काढेपर्यंत ते उठून आत निघाले.

"थांब पोरी, चिंच लावून लख्ख करून आनतो, मग काढ फोटू."

"नको नको आबा, असाच राहू द्या."

"आसला काळा? लोकं म्हनतील म्हाताऱ्याकडं चिंच बी नाय!"

शेवटी अडकित्ता तसाच राहिला, पण अर्धा तास माझी समजूत काढण्यात गेला. त्या अर्ध्या तासात आबांनी जे सांगितलं ते कुठल्याही दप्तरात नाही. हा त्यांच्या वडिलांचा. वडील गेल्यावर चंची टाकून दिली, अडकित्ता तेवढा ठेवला. धार घरीच, पाथरवटाकडून आणलेल्या दगडावर. पातं एकदा बदललेलं, गावाबाहेर पालं ठोकून राहिलेल्या घिसाड्याकडून. म्हणजे पितळ एका काळाचं आणि पातं दुसऱ्या काळाचं! नुसता फोटो बघून 'अमुक शतकातला अडकित्ता' म्हणणाऱ्याने हे कुठून ओळखलं असतं?

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचा जो संग्रह आहे तो संशोधनाला बसण्याआधी एकदा बघाच. मोर, पोपट, घोडा, माणसांच्या जोड्या. पितळेत लोकांनी काय काय केलंय! दिनकर केळकरांनी जवळजवळ सगळं आयुष्य रोजच्या वापरातल्या वस्तू गोळा करण्यात घालवलं, सात वर्षांचा असताना गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने संग्रहालय उभं केलं आणि १९७५ साली ते महाराष्ट्र सरकारला देऊन टाकलं. असा माणूस झाला नसता तर यातल्या कितीतरी वस्तू भट्टीत गेल्या असत्या, याबद्दल मला शंका नाही. पण संग्रह करणाऱ्याचा डोळा साहजिकपणे सुंदर वस्तूकडे जातो. मोराचा अडकित्ता निवडला जातो, साधा लोखंडी मागे राहतो. म्हणजे कपाटातल्या वस्तू मोजून 'महाराष्ट्रातले अडकित्ते नक्षीदार असत' असा निष्कर्ष काढला, तर ते लग्नाच्या अल्बमवरून घरातले रोजचे कपडे ठरवण्यासारखं आहे. जुन्या बाजारातल्या वस्तूंची अडचण वेगळी. बुधवारी आणि रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात चांगले अडकित्ते, चाकू मिळतात, पण ते पॉलिश केलेले असतात आणि गाव विचारलं की उत्तर गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून येतं.

अडकित्त्याइतकं माझं दुसऱ्या पात्यावर प्रेम आहे : बोरूचा चाकू. बोरू म्हणजे लव्हाळ्यासारख्या पोकळ काडीची लेखणी. ती तिरकी छाटायची, टोकाला मध्ये चीर द्यायची आणि टोक आडवं तोडायचं. थोडं लिहिलं की टोक मऊ पडतं, रेघ जाड आणि फताडी होते, मग परत छाटायचं. गावोगावचे कुलकर्णी, संस्थानांतले कारकून, पंतोजी, सगळ्यांच्या लेखनसाहित्यात म्हणूनच एक लहान, अरुंद, कडक धारेचा चाकू लागायचा. सुपारीला जोर लागतो, बोरूला नेमकेपणा. खिशातल्या चाकूची जी कल्पना आपल्या मनात असते तिच्या जवळ हाच येतो.

हा चाकू वस्तू म्हणून मला फारसा सापडलेला नाही, त्याच्या खुणा मात्र ढिगाने आहेत. कुठे? मोडी कागदांत! पुण्याच्या पेशवे दप्तरात, म्हणजे आजच्या पुराभिलेखागारात, सातारकर महाराजांचं दप्तरही आहे. मोडी येत असेल तर एक लांब कागद घ्या आणि मजकूर न वाचता नुसती रेघेची जाडी बघत जा. रेघ हळूहळू जाड होते आणि एका ओळीत एकदम बारीक, टोकदार होते. तिथे लिहिणाऱ्याने थांबून बोरू छाटला असावा, किंवा नवा घेतला असावा. शाईत बुडवल्यावर ओघळणारा जाडपणा वेगळा, तो दोन-चार शब्दांत ओसरतो. टोक झिजल्याचा जाडपणा ओळींमागून ओळी वाढत जातो. चांगल्या स्कॅनवर प्रत्येक ओळीतल्या उभ्या रेघांची सरासरी जाडी मोजली तर आलेखावर करवतीच्या दातांसारखी रेघ येते. अक्षर न कळणाऱ्यालाही हे काम करता येईल, पण मोडी शिका. ती शिकल्याशिवाय या भागाच्या इतिहासात पाऊल टाकू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढे बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतली पोलादी निबं आली, बोरूच्या जागी टाक आला आणि चाकू दौतीजवळून उठला. तो मग पेन्सिलला टोक करायला राहिला. शेफील्डचे घडीचे चाकू तुमच्या हाती आले तर पात्याच्या मुळाशी ठसा बघा. तारा आणि माल्टीज क्रूस असेल तर तो जोसेफ रॉजर्स कंपनीचा, किंवा त्याची नक्कल करणाऱ्याचा. नुसता 'इंग्लंड' असा ठसा असेल तर वस्तू बहुधा १८९०नंतरची, कारण मालावर देशाचं नाव घालण्याची सक्ती अमेरिकेने तेव्हा कायद्याने आणली. आपल्याकडच्या लोहाराच्या पात्यावर मात्र असा ठसा क्वचितच असतो, आणि रडगाणं तिथूनच सुरू होतं.

पात्यावर काम करणाऱ्यांची गोष्ट सांगताना मिरजेला जावंच लागतं. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार आणि झिलई देणारा. अरबी 'सैकल' म्हणजे झिलई. मिरजेतल्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब १८५०च्या सुमारास तंतुवाद्यांच्या दुरुस्तीकडे आणि मग ती बनवण्याकडे वळले, त्यातून मिरजेचा सतार-तंबोऱ्याचा धंदा उभा राहिला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. ही गोष्ट तुम्ही कुठे ना कुठे वाचली असेल. सेमिनारमध्ये तिला हमखास एक शेपूट जोडलं जातं : इंग्रजांनी शस्त्रबंदीचा कायदा केला, म्हणून शिकलगारांनी तलवार सोडून सतार धरली. ऐकायला फार छान वाटतं.

पण तारखा लावून बघा. शस्त्रांचा तो प्रसिद्ध कायदा लॉर्ड लिटनच्या काळातला, १८७८चा. सर्वत्र हत्यारं काढून घेण्याची मोहीम १८५७च्या उठावानंतरची. फरीदसाहेब त्याआधीच वळलेले. दुसरं, मिरज पटवर्धनांचं संस्थान होतं. ब्रिटिश हिंदुस्थानातला कायदा तिथे जसाच्या तसा लागू नव्हता. म्हणजे कारण नंतरचं आणि परिणाम आधीचा! मग काय झालं असेल? १८१८ला पेशवाई संपली, सरदारांच्या फौजा घटल्या. १८४८ला साताऱ्याचं राज्यही इंग्रजांनी खालसा केलं. तलवारींना गिऱ्हाईक राहिलं नाही ते कायद्याच्या तीस-साठ वर्षं आधीपासून. आणि मिरजेच्या दरबारात गाण्याला आश्रय होता, गवयांची ये-जा होती, तंबोरे दुरुस्तीला येत होते. जुनं गिऱ्हाईक जाणं आणि नवं दारात येणं, या दोन्ही गोष्टी एका गावात एका वेळी घडल्या. इतर गावांतले शिकलगार सतारमेकर झाले नाहीत, याचंही उत्तर बहुधा इथेच आहे.

यात माझी एक शंका जोडते, तिला अजून शंकाच म्हणा. तंबोऱ्याची जवारी काढणं म्हणजे घोडीचा माथा कानसून-घासून असा बारीक उतार देणं, की तार त्याला हलकी घासत झणकारली पाहिजे. पात्याला धार देणारा हातही हाच उतार डोळ्याने आणि बोटाने ओळखतो. हत्यार बदललं तरी हाताची अक्कल तीच राहिली असेल का? हे तपासायचं तर आजच्या कारागिरांच्या शेजारी महिनोन्महिने बसावं लागेल. कुणाला विषय हवा असेल तर खुशाल घ्या.

कायद्याचं निघालंच आहे तर दोन व्यवहाराच्या गोष्टी. आजच्या शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा कारखान्याच्या कामासाठी बनवलेली वगळलेली आहेत. अडकित्ता, बोरूचा चाकू या कक्षेत येत नाहीत. मात्र १९७२चा पुरावशेष कायदा विसरू नका. शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि ती परदेशी पाठवायचा अधिकार खासगी माणसाला नाही. परदेशातला कुणी संग्राहक गोड बोलून 'सॅम्पल' मागत असेल तर आधी गाईडना विचारा.

प्रयोगशाळेबद्दल थोडं. हातात धरायचं एक्सआरएफ यंत्र मिळालं की आपण फार खूश होतो. त्याने पितळेतलं तांबं, जस्त, शिसं कळतं. पण पोलादाचा जीव ज्या कार्बनमध्ये आहे तो त्याला दिसतच नाही. मऊ लोखंडात कार्बन ०.१ टक्क्याहून कमी असतो, चांगल्या पात्यात ०.६ ते १ टक्का. हा फरक यंत्राच्या नजरेआड राहतो. त्यासाठी तुकडा कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो आणि आबांच्या वडिलांचा अडकित्ता मी कापणार नाही. मग यंत्राचा उपयोग उलट्या बाजूने करते. लोहार हल्ली ट्रकच्या जुन्या पाट्यांपासून कोयते, पाती करतात. या पाट्यांच्या पोलादात मँगनीज आणि बऱ्याचदा क्रोमियम मुद्दाम घातलेलं असतं. पात्यात क्रोमियम नीट दिसलं की ते मोटारींच्या काळाआधीचं नसणार. जुनं म्हणून ठामपणे सांगता आलं नाही तरी नवं म्हणून बाजूला काढता येतं, आणि जुन्या बाजारातल्या बऱ्याच 'शिवकालीन' चाकूंचा निकाल इथेच लागतो. लोहार पात्याला 'पाणी देतो', म्हणजे लाल तापवून विझवतो आणि परत हलकं तापवून पिवळसर-तपकिरी रंग चढू देतो, त्या रंगाचा पापुद्राही घासला की जातो. म्हणून माझ्या वहीत प्रत्येक वस्तूसाठी पहिला रकाना एकच असतो : 'हाती आली तेव्हा घासलेली होती का, कुणी, कशाने'. त्यानंतर फोटो, वजन, मापं.

घाई का, असं विचाराल तर एक कारण आरोग्याचं आहे. सुपारी नुसतीही, तंबाखूशिवायही, कर्करोगाला कारण ठरते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४च्या अहवालात स्पष्ट केलं. पुडीतला गुटखा आला तेव्हाच अडकित्त्याचं रोजचं काम कमी झालं होतं, २०१२ला महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी घातली म्हणून अडकित्ता परत आलेला नाही आणि येऊही नये. माझ्याशी बोललेल्या म्हाताऱ्यांपैकी दोघांचं तोंड पूर्ण उघडत नव्हतं. या वस्तूबद्दल गोड गोड लिहिताना ते मला दिसतं. चंची बाळगून वापरलेली शेवटची पिढी आज सत्तरी-ऐंशीत आहे. चिंच लावायच्या आधी त्यांच्याशी बोलणं झालं तर झालं.

वापरातलं खिशातलं पातं बघायचं असेल तर आता तासगावला जा. द्राक्षबागेत डॉगरिजच्या खुंटावर हव्या त्या जातीची काडी बसवतात, ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत हे काम चालतं. काडीला दोन्ही बाजूंनी तिरका छेद देऊन पाचर करायची, खुंटाला चीर देऊन त्यात बसवायची, वरून प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळायची. तिरका छेद, मध्ये चीर : बोरूची कृती जवळजवळ तीच. भाषेने हे आधीच ओळखलं होतं, लेखणीलाही कलम आणि झाडाच्या या जोडालाही कलमच. काही जण दाढीचं ब्लेड वापरतात, पण जुने कलम भरणारे घडीचा चाकू शर्टाच्या खिशात ठेवतात. एका दादांचा चाकू धार लावून लावून इतका अरुंद झालाय की मिटल्यावर मुठीच्या खाचेत पातं खुळखुळतं. मी विचारलं, नवा घेऊन देते, हा मला संग्रहासाठी द्याल का? म्हणाले, "आन् मी कलम कशानं भरू? ह्याची सवय झालीया हाताला." मलाही ते बरंच वाटलं. दर हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी जाऊन व्हर्नियरने पात्याची रुंदी तीन ठिकाणी मोजून येते. त्या हंगामात किती कलमं भरली तो आकडा दादा स्वतःच खिशातल्या डायरीत लिहून ठेवतात.